पोखरणच्या ठाण्यातील बालपण

पोखरण हे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत दोन वर्षांमुळे परिचित झाले आहे. १८ मे १९७४ रोजी भारताने तेथे भूमीखाली पहिला अणुस्फोट केला आणि १९९८ च्या मे महिन्यात पुन्हा पाच केले. या तारखांच्या पलीकडे तेथे एक गाव आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जैसलमेरच्या पूर्वेस सुमारे ११० किलोमीटरवर, जोधपूरच्या वाटेवर, तांबड्या दगडाचा बालागड किल्ला, कुंभारांची वस्ती, जवळच मिठाचे रण आणि गावाबाहेर लष्कराचे ठाणे, एवढाच त्या गावाचा पसारा. ठाणे म्हटले म्हणजे तोफा, वाहने आणि पहारे डोळ्यांपुढे उभे राहतात. पण तेथे दोरीवर वाळत घातलेली परकर-पोलकीही असतात, आणि मुले वाढत असतात.

अशा मुलांपैकी एक मुलगी आज नवी मुंबईत, खारघर येथे राहते. तिचे वडील मूळचे सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचे. माणदेशच्या माणसाला कोरडेपणा नवा नसतो. पाऊस सह्याद्रीवरच रिकामा होतो आणि माणच्या वाट्याला ढगांची सावली तेवढी येते. घरच्या जमिनीवर पोट भरेना म्हणून ते खडकीस जाऊन बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले, पुढे नायब सुभेदार झाले, आणि १९९६ साली त्यांची बदली पोखरणला झाली. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. काळ्या पत्र्याच्या पाच ट्रंका, त्यांवर पांढऱ्या रंगाने घातलेले नाव व क्रमांक, आणि गोणपाटात गुंडाळलेला आईचा पाटा-वरवंटा, एवढ्या सामानानिशी हे कुटुंब तेथे उतरले. पाटा-वरवंटा सोडल्यास घरातील जड वस्तू एकही त्यांची स्वतःची नव्हती. खाट सरकारी, टेबल सरकारी, खुर्च्या सरकारी, आणि प्रत्येकीवर आकडा. जगातील सर्वच घरांत खुर्च्यांना आकडे असतात, असा त्या मुलीचा पुष्कळ दिवस समज होता.

पाणी ठरल्या वेळी येई. आई तांदूळ धुतलेले पाणी तुळशीला घाली आणि भांडी विसळलेले पाणी दारच्या कडुनिंबाला. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचे आभाळ तांबूस होऊ लागले की सारी वसाहत धावू लागे. कपडे ओढायचे, खिडक्या लावायच्या, फटींत ओली फडकी कोंबायची. इतके करूनही आंधी ओसरल्यावर पिठाच्या डब्यात बारीक वाळू असेच, आणि रात्रीच्या भाकरीत ती दाताखाली कचकन येई. रात्री मात्र हवा निवे. गच्चीवर अंथरूण टाकले की आभाळ इतके जवळ येई की मुलगी तारे मोजता मोजता झोपी जाई. आईने शेजारणीकडून खेजडीच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी शिकून घेतली. पण ती तीत गोडा मसाला घाली. शेजारणीला हे मुळीच रुचत नसे, आणि दोघींचा हा वाद तीन वर्षे मिटला नाही.

भाद्रपद आला की एक अडचण उभी राही. गणपती आणायचा कोठून? पोखरणचे कुंभार नामांकित. त्यांच्या गुलाबी झाक असलेल्या मातीकामाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु महाराष्ट्रातील गणपती त्यांपैकी कोणी घडविला नव्हता. पहिल्या वर्षी आईने एका म्हाताऱ्या कुंभाराला भिंतीवरच्या कालदर्शिकेतील चित्र दाखविले. त्याने घडविलेल्या गणपतीला राजस्थानी मिशा होत्या. आईने त्याचीच यथासांग प्रतिष्ठापना केली. दुसऱ्या वर्षी मिशा गेल्या. पण मुलीला त्याचे वाईट वाटले, असे ती आजही सांगते. त्याच दिवसांत जवळच्या रामदेवऱ्याला बाबा रामदेवांची जत्रा असते. हिंदू त्यांना देव मानतात, मुसलमान रामसा पीर म्हणतात. कापडाचे घोडे खांद्यावर घेतलेले यात्रेकरू पायी जात असत आणि ठाण्यातील बायका त्यांना पाणी देत. आरती आणि त्यांची भजने एकाच संध्याकाळी कानी पडत. विसर्जनाला मात्र ना नदी ना समुद्र. बादलीत गणपती बुडवायचा, माती विरघळेपर्यंत वाट पाहायची, आणि ते पाणी कडुनिंबाच्या आळ्यात ओतायचे. एक थेंबही वाया जात नसे.

अशा ठाण्यात मूल पहिली गोष्ट जी शिकते ती शाळेतील नव्हे. केंद्रीय विद्यालये देशभर आहेत. १९६३ साली वीस लष्करी शाळा हाती घेऊन त्यांचा आरंभ झाला तो बदल्यांवरील लोकांच्या मुलांसाठीच. पुस्तके सगळीकडे तीच असल्याने बदलीमुळे अभ्यास तुटत नाही. मैत्री मात्र तुटते. बाकावर शेजारी बसणारी मुलगी एके दिवशी येत नाही आणि तिच्या घरासमोर ट्रंका दिसतात. पण याहून खोल शिकवण दुसरीच असते, ती प्रश्न न विचारण्याची. बाप रात्री निघाला तर कोठे म्हणून विचारावयाचे नाही. केव्हा येणार हेही नाही. कोणी हे तोंडाने सांगितलेले नसते. आई विचारीत नाही, म्हणून मूलही विचारीत नाही.

१९९८ च्या आरंभापासून त्या घरातील बापाचे रात्री बाहेर जाणे वाढले. पुढे जे प्रसिद्ध झाले त्यावरून आज एवढे ठाऊक आहे की, ५८ इंजिनिअर रेजिमेंटचे जवान चाचणीक्षेत्रात खोल विवरांचे काम बहुतांशी रात्री करीत. १९९५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या उपग्रहांनी अशीच तयारी टिपली होती आणि बेत सोडावा लागला होता. म्हणून या खेपेस यंत्रे पहाटेपूर्वी होती तेथे नेऊन ठेवीत. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत. डॉ. अब्दुल कलाम हे ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ झाले होते. वाळवंटात अडचण व्हावी तीही पाण्याची, हे नवल वाटेल; पण १९७४ च्या चाचणीसाठी खणलेल्या पहिल्या विवराला पाणी लागल्याने ते सोडून द्यावे लागले होते. यांपैकी काहीही तेव्हा त्या मुलीला ठाऊक नव्हते. तिचा बाप त्या कामावर होता की नव्हता, हेही नाही.

११ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. दुपारी पावणेचारच्या सुमारास मांडणीवरची भांडी किणकिणली, ओट्यावरची लोटी जागची किंचित सरकली, आणि सारे पूर्ववत झाले. आईने लोटी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. सायंकाळी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी तीन चाचण्यांची घोषणा केली. १३ मे रोजी आणखी दोन झाल्या. गावात गुलाल उधळला गेला, पेढे वाटले गेले, आणि दहा वर्षांची ती मुलगी इतर मुलांबरोबर ओरडत फिरली. तो आनंद खोटा नव्हता. देशभर तो होता, आणि त्या आनंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच आठवड्यात खेतोलाईहून तूप घेऊन येणारी बाई आली. खेतोलाई हे चाचणीक्षेत्राला अगदी लागून असलेले गाव. त्या दिवशी तेथील लोकांना घराबाहेर थांबण्यास सांगितले होते. माणसे वाचली, परंतु कित्येक घरांना आणि पाण्याच्या टाक्यांना तडे गेले. बाईने तूप मोजता मोजता तेच सांगितले. पावसाचे पाणी वर्षभर पुरवून वापरायचे म्हणून जमिनीत बांधलेले तिचे टाके फुटले होते आणि पाणी वाळूत गेले होते.

माणदेशात वाढलेल्या बाईला याहून अधिक सांगावे लागत नाही. त्या रात्री बाप जेवावयास बसला तेव्हा आई वाढता वाढता थांबली. ती आता काही विचारणार, असे मुलीला वाटले. आईने ताटात तूप वाढले, “खेतोलाईचं आहे,” एवढेच म्हटले, आणि ती आत गेली. बाप बराच वेळ भाताला हात न लावता बसून होता.

पुढची वर्षे थोडक्यात सांगता येतील. १९९९ साली कारगिलचे युद्ध झाले आणि ट्रंका पुन्हा भरल्या गेल्या. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर सैन्य दहा महिने सीमेवर उभे राहिले. ते दहा महिने मायलेकींनी माणमध्ये काढले. तेथे तिच्या हिंदी वळणाच्या मराठीला भावंडे हसत. निवृत्तीनंतर २००४ साली या कुटुंबाने खारघरला सदनिका घेतली. ही निवड कित्येक फौजी कुटुंबे करतात, आणि तीत शहाणपण आहे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने ९५ गावांच्या जमिनीवर वसविलेल्या या नगरात मूळच्या आगरी-कोळी मंडळींखेरीज जवळजवळ सारेच उपरे. तेथे एका उपऱ्याने दुसऱ्याला हसण्याचे कारण नाही. तरीही जिन्यात भेटणारा प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच, “तुमचं गाव कोणतं?” बाप माण सांगतो. मुलगी क्षणभर घुटमळते. पोखरण म्हणावे तर लोकांना स्फोट आठवतो, मिशांचा गणपती आठवत नाही.

दुसऱ्याच पावसाळ्यात २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जैसलमेरच्या चार-पाच वर्षांचा पाऊस एका दिवसात. खारघरच्या डोंगरावरून पाण्याचे लोट उतरत होते. शेजारी वाहने हलविण्याच्या धांदलीत असता आई घरातील सर्व बादल्या, पातेली आणि पिंप गच्चीत मांडीत होती. मुलीने तिला अडविले नाही.

मुलगी आता मुंबईत नोकरी करते. खारघरहून निघालेली गाडी वाशी ओलांडून खाडीच्या पुलावर येते तेव्हा डावीकडे ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. त्याच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. १९७४ च्या स्फोटासाठी लागलेले प्लुटोनियम तेथील सायरस अणुभट्टीत तयार झाले. ती भट्टी २०१० साली कायमची बंद झाली. १ मे १९९८ च्या पहाटे तेथूनच लष्करी ट्रकांतून अणुगोलक निघाले, मुंबईच्या विमानतळावर विमानात चढले, आणि जैसलमेरमार्गे पोखरणला पोहोचले.

एकदा वडिलांना तपासणीसाठी कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात न्यायचे होते. सकाळची गर्दी ओसरल्यावर दोघे निघाली. ते खिडकीजवळ बसले होते. गाडी पुलावर आली आणि डोंगर दिसू लागला, तेव्हा इतक्या वर्षांनी तिने विचारले, “अण्णा, पोखरणला तुम्ही रात्री-रात्री कुठं जायचा?”

त्यांनी डोंगराकडे पाहिले, मग खाली.

“पंप बघायला,” ते म्हणाले. “पाणी लागायचं.”

ती पुढे काही बोलली नाही. खाडीत चिखलावर बगळे उतरले होते. “ओहोटी लागलीय,” ते म्हणाले, आणि मानखुर्द येईपर्यंत तिकडेच पाहत राहिले.