खिडकीची फिल्म विकण्याआधी

परभणीचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढं जातो, म्हणून खिडकीच्या काचेला लावायची महागडी फिल्म गटानं विकायला घ्यावी का, असं विचारलं जातं. आम्ही म्हणतो, आधी आकडा बघा. ‘९९ टक्के अतिनील किरण अडतात’ हे खरं असेल. पण उन्हाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. बाकीची ऊर्जा उजेडात आणि न दिसणाऱ्या उष्ण किरणांत जवळपास निम्मी-निम्मी असते. म्हणून दिव्यासमोर हात धरून दाखवलेल्या प्रयोगावर भुलायचं नाही. ‘एकूण सौर ऊर्जा किती टक्के अडते?’ हा आकडा लेखी मागायचा. पत्र्याच्या घरात ताप छपरातून उतरतो. तिथं फिल्म विकायचीच नाही. गिऱ्हाईक आपल्याच गावचं असतं. एकदा फसलं, तर पुढं आपले पापडही घेणार नाही.