शेवटच्या घटकेचा पैसा



आम्ही डॉक्टर नाही, अर्थशास्त्रीही नाही. मजुरीचा हिशेब मांडण्यातच आमचे आयुष्य गेले. तोच हिशेब आज आरोग्याला लावून पाहू.

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. पुष्कळ रुग्ण अगदी शेवटच्या घटकेला आणले गेले, असा खुलासा झाला. तो खरा धरला, तरी प्रश्न उरतोच : तोपर्यंत ते होते कोठे?

उत्तर तिजोरीत सापडेल. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाचे अडीच टक्के सरकारने आरोग्यावर खर्चावेत, त्यांतले दोन तृतीयांश प्राथमिक सेवेला द्यावेत, असे ठरविले. २०२५ उलटले, अडीच टक्के काही गाठले गेले नाहीत.

कारखान्यातला कामगार राज्य विम्यासाठी पगाराचा पाऊण टक्का देतो, मालक सव्वातीन टक्के. हीच योजना सर्वांना लावा, असे काही मित्र म्हणतात. पण जळकोट-अहमदपूरकडचा मजूर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातो. त्याला पगारपत्रक नाही. टक्का काढायचा कशाचा? मात्र साबणाची वडी घेतली तरी तो कर भरतो. त्याची वर्गणी तिजोरीत पोचलेलीच आहे!

महात्मा फुले योजना रुग्ण दाखल झाल्यावर खर्च देते, आणि ते योग्यच आहे. रक्तदाबाची रोजची गोळी मात्र गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच मिळायला हवी. शस्त्रक्रियेचा गाजावाजा होतो. गोळी संपल्याचा बोभाटा कोणी करीत नाही. म्हणून पैसा वरच्या मजल्यावर जातो आणि पाया उघडा राहतो.

तो पाया 'आशा' भगिनींनी तोलून धरला आहे. सरकार त्यांना कामगार म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणते. वेतन देत नाही, मोबदला देते. आरोग्यसेवेचा हा स्वस्तपणा त्यांच्या मजुरीतून कापलेला आहे.

पैसा आणायचा कोठून, असे विचारतात. श्रीलंका काही श्रीमंत नव्हती. तरी तिने सरकारी खर्चाने मोफत सेवा उभी केली. आणि पैसा आजही खर्च होतोच : शेवटच्या घटकेला, एकट्याने, जमीन गहाण टाकून. तो आधी आणि सर्वांनी मिळून खर्चावा, एवढेच आमचे मागणे आहे.

पुढच्या ग्रामसभेत उठून विचारा : केंद्रात औषध किती दिवसांचे शिल्लक आहे? हा प्रश्न गावोगाव विचारला गेला, तर तिजोरीलाही तो ऐकावा लागेल.