ऐकून घेण्याची विद्या
(एचएसआर लेआउट, बंगळूर येथील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



होसूर-सर्जापूर रोडच्या आद्याक्षरांवरून एचएसआर लेआउटला नाव मिळाले. शाळेचे अनेक विद्यार्थी आज या वसाहतीत स्थिरावले आहेत. याच होसूर रस्त्याने शहराकडे निघाले की निम्हान्स लागते. १९५४ साली स्थापन झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था आणि जुने मनोरुग्णालय यांच्या एकत्रीकरणातून २७ डिसेंबर १९७४ रोजी ही संस्था आकाराला आली. मनाच्या दुखण्यालाही शास्त्र असते, हे तिने देशाला शिकविले.

तरीही घरातील मुलगी 'मला समुपदेशक व्हायचे आहे' म्हणाली, की पालक विचारतात, "सल्ला तर शेजारीपाजारीही देतात, त्यासाठी पदवी कशाला?"

उत्तर त्या प्रश्नातच आहे. शेजारी सल्ला देतो. समुपदेशक आधी ऐकून घेतो. दहावीनंतर विज्ञान शाखा नको म्हणणारा मुलगा आळशी आहे, घाबरलेला आहे, की त्याचा कल खरोखरच वेगळा आहे, हे ओळखावे लागते. सांगितलेली गोष्ट गुप्त राखावी लागते. मात्र जीवाला धोका दिसताच योग्य व्यक्तीला कळवावेही लागते. आपले ज्ञान कोठे संपते आणि मनोविकारतज्ज्ञाचे काम कोठे सुरू होते, याचे भान ठेवावे लागते. हे केवळ सद्भावनेने साधत नाही. अपुऱ्या तयारीचा मदतनीस दुखावलेल्या मनाला आणखी दुखावू शकतो.

म्हणून प्रवेश घेताना चौकसपणा हवा. मानसशास्त्र किंवा समाजकार्य यांतील पदवी व पदव्युत्तर शिक्षण हा पाया होय. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडील नोंदणी आवश्यक ठरते. शिक्षकांसाठी एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम आहे. म्हैसूरची प्रादेशिक शिक्षण संस्था हे त्याचे एक केंद्र. अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम नसेल, तर आकर्षक प्रमाणपत्रही कोरेच समजावे.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर वीस भाषांतून आधार मिळतो. वीस भाषांची गरज का भासली? कारण हिशेब परक्या भाषेत मांडता येतो. दुःख मात्र मातृभाषेतच मोकळे होते.

मराठी माध्यम म्हणजे अडसर, असे अनेकांना ऐकवले गेले. या क्षेत्रात तेच माध्यम साधन ठरते. परगावी एकट्या पडलेल्या मराठी मुलाला, वृद्ध आईला, नवविवाहितेला आपल्या भाषेत ऐकून घेणारे माणूस हवे असते.

हीरकमहोत्सवी शाळेने अभियंते आणि डॉक्टर दिले. आता तिला असे ऐकणारेही द्यायचे आहेत. घरातून कोणी या वाटेने जाऊ पाहत असेल, तर पालकांनी प्रथम त्याचेच म्हणणे ऐकून घ्यावे. या विद्येचा पहिला धडा तोच आहे.