नोटीस आपल्यालाच का आली?



आज मला करखात्याबद्दल बोलायला सांगितलं आहे. विषय रुक्ष आहे. पण इथे बसलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या ट्रस्टचे विश्वस्त आहेत. कुणी शिष्यवृत्त्या देतं, कुणी दवाखाना चालवतं, कुणी मदरशाचे हिशेब बघतं. त्यामुळे एक प्रश्न तुमच्याही बैठकीत निघाला असेल. नोटीस येते, खजिनदार ती वाचून दाखवतात, आणि कुणीतरी हळू आवाजात विचारतं, "आपण मुसलमान आहोत म्हणून आली का ही?"

मीही एका छोट्या शिक्षण ट्रस्टचे हिशेब सांभाळतो. मला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा मी म्हणालो, "माहीत नाही." आम्ही कागद दाखवले, प्रकरण मिटलं. पण ते उत्तर माझ्या मनात राहिलं. नोटीस का आली हे कळायला मार्गच नसेल, तर खातं निर्दोष असलं तरी संशय जात नाही. आणि खरंच पक्षपात झाला असेल, तर तो सिद्ध करता येत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे अशा प्रकरणांची कागदपत्रं लोकांसमोर आली. 1972 साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी राजकीय विरोधकांची एक यादी करखात्याचे आयुक्त जॉनी वॉल्टर्स यांच्या हातात दिली. या लोकांच्या मागे लागा, असा त्याचा अर्थ. वॉल्टर्स निक्सन यांनीच नेमलेले. ते अर्थमंत्री जॉर्ज शुल्ट्झ यांच्याकडे गेले. शुल्ट्झ म्हणाले, काही करू नका. वॉल्टर्स यांनी यादी तिजोरीत बंद केली आणि पुढे संसदेच्या समितीकडे सोपवली. 1974 साली निक्सन यांच्यावर महाभियोगाचे जे आरोप ठेवले गेले, त्यात करखात्याच्या गैरवापराचाही आरोप होता.

त्या वेळी दोन माणसांच्या सचोटीने काम भागलं. पण दर वेळी असा अधिकारी खुर्चीवर असेलच असं नाही. 1998 च्या कायद्याने तिथे दोन गोष्टी केल्या. राष्ट्राध्यक्षाने किंवा त्याच्या कार्यालयाने अमुक माणसाची कर-तपासणी करा असं सांगणं हा गुन्हा ठरवला. आणि करखात्यावर लक्ष ठेवायला वेगळा महानिरीक्षक नेमला.

त्याचा उपयोग 2013 साली दिसला. करमाफीसाठी आलेल्या अर्जांतून "टी पार्टी", "पॅट्रिअट्स" असे शब्द नावात असलेल्या संस्था खात्याने बाजूला काढल्या होत्या. हे 2010 पासून चालू होतं. महानिरीक्षकाने आकडे मांडले. राजकीय म्हणून वेगळ्या काढलेल्या 296 अर्जांपैकी 160 अर्ज 2012 च्या अखेरीस लटकलेलेच होते, काही 1,138 दिवस. काही संस्थांकडून देणगीदारांची नावंही मागितली होती.

खात्याच्या प्रभारी आयुक्तांना जावं लागलं. न्याय विभागाने 2015 साली सांगितलं की गैरव्यवस्थापन झालं, पण गुन्हेगारी हेतूचा पुरावा नाही. कुणावर खटला भरला नाही. 2017 साली सरकारने न्यायालयात त्या संस्थांची माफी मागितली.

आता टी पार्टीवाले काही आपले मित्र नव्हेत. त्यांच्यातले काही जण 2010 साली न्यूयॉर्कमधल्या इस्लामी केंद्राच्या विरोधात पुढे होते. त्यांची कोंडी झाली तर बरं झालं, असं कुणाला वाटलं तर मी समजू शकतो. पण 2017 साली त्याच महानिरीक्षकाचा दुसरा अहवाल आला. "प्रोग्रेसिव्ह", "ऑक्युपाय" अशा शब्दांवरूनही संस्था वेगळ्या काढल्या गेल्या होत्या. म्हणजे चाळणी एकच होती, त्यात डावेही अडकले होते.

ही चाळणी आपल्यापर्यंत येते तेव्हा काय होतं, ते कॅनडात दिसलं. तिथल्या नागरी स्वातंत्र्य संघटनांच्या एका आघाडीने 2021 साली अहवाल काढला. करखात्याच्या दहशतवादविरोधी विभागाने 2008 ते 2015 या काळात तपासणी करून ज्या धर्मादाय संस्थांची नोंदणी रद्द केली, त्यांपैकी 75 टक्के मुस्लीम संस्था होत्या. सरकारने करदात्यांच्या लोकपालाला चौकशी करायला सांगितलं. 2023 साली लोकपालांनी लिहिलं की सुरक्षेचं कारण देऊन खात्याने आवश्यक कागद दाखवलेच नाहीत. मग पक्षपात झाला की नाही? तेही म्हणू शकले नाहीत. माझंच उत्तर, फक्त लोकपालाच्या तोंडून.

आता आपल्याकडे या. 2020 पासून चेहराविरहित करनिर्धारण आलं. फाइल कुठल्या गावच्या अधिकाऱ्याकडे जाईल हे संगणक ठरवतो. ही सुधारणा चांगली आहे, तसं म्हटलं पाहिजे. पण छापे त्यात येत नाहीत. 2017 च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्याच्या कलम 132 मध्ये दुरुस्ती झाली. छाप्यामागचं कारण आता कुणालाही सांगायचं नाही, अपिलीय न्यायाधिकरणालाही नाही. आणि हे 1962 पासून लागू! कारण पाहायचं तर उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. प्राप्तिकराचा अन्वेषण विभाग माहिती अधिकाराच्या बाहेर आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरता अपवाद. करदात्यांसाठी प्राप्तिकर लोकपाल होते, ते पद 2019 साली सरकारने बंद केलं.

2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसची बँक खाती गोठवली गेली. पक्ष म्हणाला सूड, खातं म्हणालं थकबाकी. कोण खरं बोलतंय हे तुम्ही-मी कशावरून ठरवायचं? ज्याचा जो पक्ष, त्याचं ते सत्य. यात प्रामाणिक अधिकाऱ्याचंही नुकसान आहे. त्याने नियमाने काढलेली नोटीसही लोकांना राजकीय वाटते.

म्हणून आपण तीन मागण्या धरून ठेवू. तपासणीसाठी कुणाला निवडलं, याचे निकष आणि आकडे नावं वगळून दरवर्षी संसदेसमोर यावेत. छाप्यामागचं कारण नंतर तरी न्यायाधिकरणाला पाहता यावं. आणि लोकपाल परत यावा, फाइल मागवण्याचा अधिकार घेऊन.

आणि घरचं काम आधी. जकातीची रक्कम, सदका, देणग्या, सगळ्यांच्या पावत्या असू द्या. रोखीचा व्यवहार शक्य तितका टाळा. लेखापरीक्षण मुदतीत करा. नोटिशीला वेळेत आणि लेखी उत्तर द्या. आपल्या हिशेबात भोक असेल तर पक्षपाताची तक्रार कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

शेवटचं. वैर असलं तरी न्याय सोडू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. उद्या सरकार बदललं आणि आज आपल्याविरुद्ध बोलणाऱ्या संस्थेवर छापा पडला, तर तिथेही आपण विचारायचं आहे, "कारण काय?" तेव्हा गप्प राहिलो, तर आपल्या वेळी विचारायला तोंड उरणार नाही.