यंत्रबुद्धी आणि दामदुपटीचे गणित

(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या शिक्षणफंडाकडे यंदा आलेल्या अर्जांपैकी एका अर्जावर आम्हां कमिटीतील मंडळींत जेवढा खल झाला, तेवढा गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता. बारावीची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेल्या एका मुलीने संगणकशास्त्राच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती मागितली होती. तिच्या गुणांविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. परंतु एक जाणते सभासद म्हणाले, "चिपची शक्ती दर दोन वर्षांनी दुप्पट होते म्हणतात. ही मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा तिचे काम यंत्रच करीत असेल. मग आपले कर्ज फेडणार कोण?" प्रश्न रोकडा होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही जे थोडेबहुत वाचन केले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

ही दुप्पट प्रथम मांडली ती गॉर्डन मूर या अमेरिकन शास्त्रज्ञाने. १९६५ च्या एप्रिल महिन्यात 'इलेक्ट्रॉनिक्स' या नियतकालिकात त्यांचा एक छोटासा लेख प्रसिद्ध झाला. सिलिकॉनच्या एका तुकड्यावर त्या काळी पन्नाससाठ विद्युत्-घटक बसत. ही संख्या दरवर्षी दुप्पट होत आली आहे आणि १९७५ पर्यंत ती ६५,००० वर जाईल, असे त्यांनी लिहिले. हाताशी माहिती होती ती अवघ्या पाचसहा वर्षांची! पुढे १९७५ साली त्यांनी स्वतःच हा वेग दोन वर्षांस दुप्पट असा कमी केला. लोक याला 'मूरचा नियम' म्हणतात. परंतु गुरुत्वाकर्षणाचा नियम ज्या अर्थाने नियम आहे, त्या अर्थाने हा नियम नव्हे. फळ कोणी काही न करता झाडावरून खाली पडते. चिप मात्र हजारो माणसे रात्रंदिवस खपल्याखेरीज दुप्पट होत नाही. आमच्या मते साऱ्या विवेचनाची किल्ली येथेच आहे.

तथापि ही माणसे खपली, हेही खरे. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेमध्ये १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला, तेव्हा त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो मोठमोठ्या कपाटांत मावत असे. १९७१ साली इंटेल कंपनीने काढलेल्या ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या सूक्ष्म कळा, नखाएवढ्या जागेत बसल्या. २०२२ साली एनव्हिडिया कंपनीच्या एच-१०० या चिपवर त्यांची संख्या ८,००० कोटी झाली. विद्यार्थिमित्रांनी घरी जाऊन हिशेब करून पाहावा. एक्कावन्न वर्षांत सुमारे पंचवीस वेळा दुप्पट! बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपण साऱ्यांनी लहानपणी ऐकली आहे; त्या पटाच्या सव्विसाव्या घरात आपण येऊन पोचलो, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्याकडे सावकाराच्या व्याजालासुद्धा दामदुपटीची मर्यादा असे. येथे मुद्दलच पंचवीस वेळा दुप्पट झाले. अर्थात या हिशेबात किंचित लबाडी आहे, हेही सांगून टाकतो. जुनी चिप जेमतेम बारा चौरस मिलिमीटरची, नवी आठशेहून अधिक चौरस मिलिमीटरची. तेव्हा काही वाढ कळा बारीक केल्याने झाली, तर काही अंगण मोठे केल्याने.

आणि वाट सुखाची मुळीच नव्हती. २००३ च्या सुमारास ट्रान्झिस्टरमधील विद्युत्-रोधक थर जेमतेम पाच अणूंच्या जाडीचा उरला आणि कच्च्या मडक्यातून पाणी पाझरावे तशी त्यातून वीज पाझरू लागली. २००७ साली हाफनियम धातूच्या संयुगाचा थर वापरून ती गळती आवरण्यात आली. चिपच्या ठोक्यांचा वेग २००४ साली सेकंदाला चारशे कोटींच्या अलीकडेच अडला, कारण उष्णता आवरेना. तेव्हापासून एकाच गड्याला अधिकाधिक पळविण्याऐवजी अनेक गडी एकदम कामास लावण्याची रीत पडली. आज सर्वांत बारीक चिपा छापावयाच्या तर वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० या गतीने सोडून त्या प्रत्येकावर लेसरचा मारा करावा लागतो, आणि त्यातून निघणाऱ्या अदृश्य किरणांनी रेखाटन करावे लागते. हे यंत्र साऱ्या जगात नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी बनविते. अमेरिकेतील काही अर्थशास्त्रज्ञांनी २०२० साली असे दाखवून दिले की, १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत या दुपटीसाठी जितके संशोधक लागत, त्यांच्या अठरापटींहून अधिक आता लागतात. दुप्पट तीच, मात्र तिची किंमत वाढत चालली आहे.

आता यंत्राच्या बुद्धीकडे वळू. मूर यांचा लेख आला त्याच १९६५ साली आय. जे. गुड या ब्रिटिश गणितज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामी ॲलन ट्युरिंग यांच्याबरोबर काम केलेले हे गृहस्थ. त्यांचा युक्तिवाद असा : यंत्रे घडविणे हे बुद्धीचेच काम आहे, म्हणून माणसाहून सर्व बाबतींत बुद्धिमान असे एक यंत्र झाले की ते आपल्याहून सरस यंत्र घडवील, ते त्याहून सरस, आणि मनुष्याची बुद्धी कोठल्या कोठे मागे राहील. मनुष्याला करावा लागणारा तो शेवटचा शोध ठरेल. मात्र गुड यांनी एक अट घातली होती. आपल्याला ताब्यात कसे ठेवावे, हे सांगण्याइतके ते यंत्र आज्ञाधारक असले पाहिजे! ही अट लोक सांगावयास विसरतात. विसाव्या शतकातच असे यंत्र होण्याचा संभव अधिक, असेही त्यांचे भाकीत होते. ते शतक संपले. यंत्र झाले नाही.

हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्युएल या विद्वानांनी १९५८ साली लिहिले की दहा वर्षांत संगणक बुद्धिबळाचा जगज्जेता होईल. प्रत्यक्षात 'डीप ब्ल्यू'ने गॅरी कास्पारॉव्ह यांस हरविले ते १९९७ साली. परंतु म्हणून हसण्याचे कारण नाही. त्याच १९९७ साली एका शास्त्रज्ञाने अमेरिकन वृत्तपत्रास सांगितले होते की 'गो' नामक पौर्वात्य खेळात यंत्राला माणसावर मात करण्यास कदाचित शंभर वर्षे लागतील. ती लागली एकोणीस. २०१६ साली सोल येथे 'अल्फागो'ने ली सेडोल यांचा चार विरुद्ध एक डावांनी पराभव केला. भविष्य सांगणारे दोन्ही अंगांनी चुकले आहेत.

मग चिपच्या दुपटीवरून बुद्धीची दुप्पट मोजता येईल काय? आमचा कल नकाराकडे आहे. २०१२ साली चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत बाजी मारणारी यंत्रणा दोन ग्राफिक्स कार्डांवर शिकविली गेली होती. आज मोठ्या भाषायंत्रणांना शिकविण्यासाठी हजारो चिपा एकत्र जुंपतात. म्हणजे अलीकडची झेप जितकी चिपच्या सुधारणेची, तितकीच पैशाची आणि विजेची आहे. एका एच-१०० चिपला सातशे वॅटपर्यंत वीज लागते. आपल्या स्वयंपाकघरातील मिक्सर अहोरात्र चालू ठेवावा, तसे हे आहे. आपला मेंदू मात्र सुमारे वीस वॅटवर भागवितो.

परंतु कमिटीतील त्या सभासदांची शंका एवढ्याने संपत नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गुड यांचे चक्र काही अंशी फिरतेच आहे. ८,००० कोटी कळांचा आराखडा हाताने काढणे कोणास शक्य नाही, तो संगणकाच्याच साहाय्याने काढतात. आजवर त्या चक्राला आवर होता तो माणसांच्या तुटवड्याचा. उद्या संशोधकाचे काम यंत्रच करू लागले, तर हा आवर सुटेल. तसे होईल की नाही, हे मूर यांच्या आलेखावरून कळत नाही. पण साधी साधी प्रोग्रॅम लिहिण्याची कामे, ज्यांवर आपल्या मुलामुलींनी नोकरीचा आरंभ केला, ती यंत्रे आताच करू लागली आहेत. शिडीची सर्वांत खालची पायरी प्रथम हलते आहे, आणि नवख्याचा पाय तेथेच पडावयाचा असतो.

कमिटीने अखेर त्या मुलीचा अर्ज मंजूर केला. मात्र फंडाच्या नियमांत एक दुरुस्ती केली : परतफेडीचा पहिला हप्ता पदवीनंतर सहा महिन्यांनी नव्हे, तर अर्जदाराची कमाई सुरू झाल्यावर घ्यावयाचा; मग ती कमाई संगणकाच्या धंद्यातील असो वा अन्य कोणत्याही. शंका काढणाऱ्या सभासदांनीच ही सूचना मांडली आणि आम्ही तीस अनुमोदन दिले. मुलीने गणिताबरोबर संख्याशास्त्रही घ्यावे, असे आम्ही सुचविले आहे. ती म्हणाली, विचार करते.