वस्त्रातील अहिंसा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्तापूर्वी भोजन उरकतो, कंदमुळे वर्ज्य मानतो. ताटातील अहिंसा आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. अंगावरील वस्त्राचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

मीही अनेक वर्षे रेशमी धोतर नेसून पूजा केली. रेशीम शुद्ध असते, अशी वडिलांची शिकवण होती. पुढे एका रेशीम केंद्रात कोष उकळताना पाहिले. अळी स्वतःभोवती एकसंध धागा गुंडाळते. एका कोषात तो सुमारे १००० मीटर भरतो. पतंग कोष भेदून बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून आतील जीव उष्णतेने मारतात. एका साडीसाठी असे हजारो जीव जातात. पतंग तर आपल्या शास्त्रानुसार चतुरिंद्रिय! त्यानंतर ते धोतर नेसून प्रभुपूजेस हात पुढे होईना.

इंग्लंडमध्ये १९४४ साली ‘व्हेगन’ हा शब्द जन्मास आला. हे लोक दुधाबरोबरच लोकर, चामडे व रेशीमही वर्ज्य मानतात. हैदराबादचे कुसुम राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावर उरलेल्या कोषांपासून ‘अहिंसा रेशीम’ विणण्याचा मार्ग दाखविला. तेही खात्री करूनच घ्यावे.

आपण तर कापसाच्या खानदेशात राहतो! अर्थात कापसावरही कीटकनाशके फवारली जातात, त्यामुळे सुती वस्त्रही सर्वथा निर्दोष नाही. म्हणूनच येथे अपरिग्रह हवा : गरजेपुरते घ्यावे, विरेपर्यंत वापरावे.

आईची पैठणी किंवा लग्नातील शालू टाकून द्या, असे मी म्हणत नाही. त्यात माणसांच्या आठवणी आहेत. नवे रेशीम मात्र घेऊ नये. मंदिरातील पूजेची नवी वस्त्रे यापुढे सुती असावीत, अशी विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. बळसाण्यास श्री विमलनाथ प्रभूंच्या पूजेस जातानाही आपण सुती वस्त्रेच नेसू या. सुवर्णमहोत्सवाचा याहून सुंदर संकल्प कोणता?

माझ्या बोलण्याने कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.