नवा देश, नवी पिढी आणि विषाद



परदेशी आलेल्या माणसाने तेथील भाषा व रीतिभाती आत्मसात केल्या, की त्याच्या मनावरील भार हलका होतो, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील लॅटिनो समाजाच्या अभ्यासाने या समजाला धक्का दिला. विल्यम वेगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो परगण्यात मेक्सिकन वंशाच्या सुमारे ३,००० प्रौढांची पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. मेक्सिकोत जन्मलेल्यांपैकी सुमारे २५ टक्के लोकांना आयुष्यात केव्हातरी एखादा मनोविकार किंवा व्यसनाधीनता जडलेली होती; अमेरिकेत जन्मलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे जो त्या भूमीत अधिक रुजला, तोच अधिक पीडित ठरला.

याचा उलगडा करताना वर्गाचा विचार टाळता येत नाही. अलेहांद्रो पोर्तेस व मिन झोऊ यांनी १९९३ मध्ये एक मर्मभेदी प्रश्न उपस्थित केला: नवी पिढी समरस होते खरी, परंतु समाजाच्या कोणत्या थराशी? डॉक्टरच्या मुलाचे अमेरिकन होणे आणि शेतमजुराच्या मुलाचे अमेरिकन होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. बाप आपल्या मजुरीची तुलना मागे सोडलेल्या गावाशी करतो. मुलगा मात्र ती वर्गातील सुखवस्तू सोबत्यांशी करतो. शिवाय, दवाखान्यात वा कचेरीत आईबापांचा दुभाषी होण्याचे ओझे लहानपणापासून त्याच्याच शिरावर असते.

विषादाचे मोजमापही सोपे नाही. लेनोर रॅडलॉफ यांनी १९७७ मध्ये सिद्ध केलेल्या प्रश्नावलीत २० विधाने आहेत. गतसप्ताहातील झोप, भूक, एकाकीपणा यांविषयी त्यांत विचारणा असते, आणि ६० पैकी १६ वा अधिक गुण हा सावधतेचा इशारा मानला जातो. पण दिवसा महाविद्यालयात शिकून रात्री राबणाऱ्या तरुणाने झोप नीट लागत नाही अशी नोंद केली, तर तो विषाद समजावा की श्रमांचा परिणाम? त्याची आजी याच व्यथेला ‘नर्व्हिओस’ म्हणेल आणि कोणत्याच खुणेत ती बसवणार नाही.

सारांश, केवळ संस्कृतीला दोष देणे म्हणजे दारिद्र्याला निर्दोष ठरविणे होय. अशा तरुणाला घरी कोणती भाषा बोलतोस, एवढेच विचारून भागणार नाही. घरभाडे कोण भरते, हेही विचारावे लागेल.